सिस्टर, तुम्हीच सांगा : रात्री नऊनंतरची पत्रं

या महिन्यातही गुडघ्यांची, साखरेची आणि झोपेची पत्रं आली आहेत. ती पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली, कारण चार-पाच पत्रं एकाच विषयाची निघाली : रात्री मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर जाणं. कुणाला जायला मिळत नाही, कुणाचा मुलगा जास्तच जातो, कुणाकडं जायला आता माणसंच उरली नाहीत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सोलापुरात सरकारी दवाखान्यात 34 वर्षं परिचारिका होते. 2021 मध्ये निवृत्त झाले. या शहराची रात्र मी ड्यूटी संपवून मैत्रिणींबरोबर चहा पिताना पाहिली आहे आणि कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहूनही पाहिली आहे. जे सांगते ते त्यातूनच. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : सिस्टर, मी 27 वर्षांचा आहे. पाच वर्षं पुण्यात हिंजवडीला नोकरी केली. वडिलांची तब्येत बिघडली म्हणून मागच्या वर्षी जुळे सोलापुरात घरी परत आलो, काम घरूनच करतो. पुण्यात आम्ही पाच जण एका फ्लॅटमध्ये राहायचो, रोज रात्री काही ना काही चालायचंच. इथं नऊ वाजले की मी आणि लॅपटॉप. शाळेतल्या मित्रांपैकी एकाचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान आहे, एकाचे एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत, एक शिक्षक आहे आणि त्याचं लग्न झालंय. भेटायचं ठरतं आणि मोडतं. भेटलो तरी अर्धा वेळ प्रत्येक जण मोबाईलमध्ये. सोलापूरला मोठं शहर म्हणायचं आणि रात्री करायला काहीच नाही. इथली माणसं रात्री करतात तरी काय?

उत्तर : वडिलांसाठी परत आलास, ते मला फार आवडलं. आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य परत वाच : पाच जण एका फ्लॅटमध्ये. पुण्यात तुला मित्रांना भेटायला जावं लागत नव्हतं, घराचं कुलूप उघडलं की ते आत असायचे. इथं चौघांची चार घरं, चार दिशांना, आणि प्रत्येकाचा दिवस वेगळ्या वेळी संपतो. ते पुण्यासारखं आपोआप होणार नाही, जमवावं लागेल.

आमचं कसं जमलं ते सांगते. आम्ही पाच जणी होतो. एक अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. एक पूर्व भागातली, तिच्या घरी तेलुगू. एक विजापूर वेशीतली, तिची उर्दू ऐकत राहावी अशी. आणि आम्ही दोघी मराठी. इव्हिनिंग ड्यूटी नऊला संपायची, चार्ज देता-देता साडेनऊ व्हायचे. ड्यूटीचा तक्ता दर आठवड्याला बदलायचा, त्यामुळं पाचही जणी एकदम मोकळ्या असा दिवस वर्षात दोनदा आला तरी खूप. म्हणून आम्ही गुरुवार धरला. गुरुवारी रात्री पावणेदहाला गेटबाहेरच्या चहाच्या गाडीवर, जी मोकळी असेल तिनं यायचं. दोघी असू दे, तिघी असू दे. मोबाईल नव्हते, त्यामुळं निरोपही नाही आणि ‘बघू’ही नाही. एका गुरुवारी मी उशिरा पोहोचले तर कुणीच नव्हतं. चहावाले मामा म्हणाले, “अक्कलकोटच्या सिस्टर आत्ताच येऊन गेल्या की, वाट बघून गेल्या. तुमचा चहा सांगून गेल्यात.” पैसेही देऊन गेली होती. तो चहा मी एकटीनं उभ्या-उभ्या प्यायले, पण एकटी होते असं मला एक क्षणही वाटलं नाही.

तू तेच कर. ग्रुपवर ‘कधी भेटायचं बे’ विचारणं बंद कर. त्याला तिघांकडून ‘बघू की’ एवढंच उत्तर येणार. एक वार धर, एक जागा धर, आणि कुणी येवो न येवो, तू जा. पहिले तीन-चार आठवडे कदाचित एकटाच बसशील. बस.

त्याशिवाय प्रत्येकाला त्याच्या वेळेत गाठ. चाटी गल्लीतल्या मित्राकडं शटर ओढायच्या सुमाराला जा. गिऱ्हाईक संपलेलं असतं, गल्ला मोजायचा असतो, गादीवर थानं पडलेली असतात. ती गुंडाळायला हात लाव. दुकानदार माणूस दिवसभर दुसऱ्यांशी गोड बोलून थकलेला असतो, त्या वेळी तो स्वतःबद्दल बोलतो. माग चालवणाऱ्याकडं रात्रपाळीला जाऊन ये. खटखटाटात आत बोलणं ऐकू येत नाही, म्हणून दोघांनी बाहेर येऊन उभं राहायचं. माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटल्यावर ते आणि त्यांचे दोन दोस्त आमच्या दारात अर्धा तास उभे राहून बोलायचे, आई आतून ‘बसा तरी’ म्हणायची, पण बसायचे नाहीत. शिक्षकाला रात्री ओढू नकोस, त्याची सकाळची शाळा असेल आणि घरी बायको वाट बघत असेल. त्याला रविवारी सकाळी पूर्व भागात इडली खायला ने, बायकोलाही बोलाव. आणि त्यानं ‘आज पाणी आहे’ म्हणून भेट मोडली तर ते कारण खरंच आहे असं समज. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही आणि आलं की ते भरायला घरात माणूस लागतो. जमलं तर तूच जाऊन दोन पिंपं भरून दे. पुण्यात एकत्र भांडी घासली असशील, तसंच हे.

आता ‘माणसं करतात तरी काय?’ 2011 च्या जनगणनेतच या शहरात साडेनऊ लाख माणसं होती, ती सगळी नऊला झोपत नाहीत. उन्हाळ्यात पारा 42-43 वर जातो, त्यामुळं इथलं बाहेर पडणं मुळातच ऊन उतरल्यावरचं. पार्क चौपाटीवर जाऊन उभा राहा. डिस्को भजी खा, पुण्यातल्या तुझ्या मित्रांना त्याचं नावसुद्धा माहीत नसेल. रमजानात विजापूर वेशीत मीना बाजार भरतो. आमची मैत्रीण आम्हाला दरवर्षी तिथं न्यायची, बांगड्या घ्यायच्या, शीक खायची आणि मग तिच्या घरी शीरखुर्म्याचं आमंत्रण पक्कं व्हायचं. संक्रांतीला सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे यात्रा. सात नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, होम मैदानावरचे पाळणे आणि शोभेचं दारूकाम. त्या दिवसांत सोलापूरकराला ‘कुठं जायचं’ हा प्रश्न पडत नाही. त्याच सुमाराला ज्वारी हुरड्यात येते. कुणा मित्राचं शेत असेल तर संध्याकाळी जा, आगटी पेटवा, गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजा. हातावर चोळलेला गरम हुरडा, शेंगाचटणी, गूळ आणि दही. आगटीपाशी बसल्यावर हात काळे होतात, मग मोबाईलला कुणी हात लावत नाही. तुझी ती तक्रार तिथं आपोआप मिटेल. एखाद्या रविवारी पहाटे गाड्या काढून हत्तरसंग कुडलला जा, चाळीसेक किलोमीटर आहे. भीमा आणि सीना तिथं एकमेकींना मिळतात आणि तिथल्या मंदिरात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा दगडावर बघून माझ्या अंगावर काटा आला होता.

आणखी एक जागा सांगते, तुझ्यासारख्यासाठी तीच मला सगळ्यात जवळची वाटते. रेल्वे स्टेशन. रविवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुंबईला निघायच्या आधी तासभर तिथं जा. निम्मं शहर कुणाला तरी सोडायला आलेलं असतं. पिशव्यांत कडक भाकरी आणि चटणीचे डबे. पाच वर्षं तू गाडीच्या आत होतास. आता सोडायला येणाऱ्यांत तू आहेस. दिवाळीला तुझे पुण्याचे मित्र येतील, त्यांना सोडायला जा, आणि गाडी गेल्यावर बाहेर चहा प्यायला जे उरतील, ते तुझे इथले मित्र.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, बिल आलं की त्याचा फोन वाजतो किंवा पाकीट घरी राहिलेलं असतं. दोन वर्षं झाली. आम्ही सगळे कॉलेजातले, पैसे कुणाकडंच फार नाहीत. त्याला तोंडावर सांगावं का?

उत्तर : चारचौघांत सांगू नका. आमच्या पाचांतली एक जण हॉटेलात बसलो की म्हणायची, ‘मला भूक नाही गं, तुम्ही खा.’ किंवा यायचंच टाळायची. आम्हाला वाटलं, हिला आमची संगत नको. वर्षभरानं कळलं की तिचा पगार जवळजवळ सगळा गावी जायचा, दोन भावांच्या शिक्षणाला. ते कळल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिच्याशी चार दिवस नीट बोलू शकले नाही. मग आम्ही हॉटेल बंद केलं आणि गाडीवरच्या भेळेवर आलो. भिशीसारखा एक डबा केला. पगार झाला की प्रत्येकीनं थोडे टाकायचे, आधीच. कुणी किती टाकले ते मोजायचं नाही असं ठरलं होतं आणि कुणी मोजलंही नाही.

तुमच्या मित्राची अडचण आहे की सवय आहे, हे तुमच्यातल्या एकानं, त्याच्या सगळ्यात जवळच्यानं, एकट्यात विचारावं. सवय असेल तर पुढच्या वेळेपासून टीटीएमएम, म्हणजे तू तुझं मी माझं, ऑर्डर देतानाच. अडचण असेल तर जागा बदला.

प्रश्न : सिस्टर, वय 34, अशोक चौकाजवळ राहते, खासगी शाळेत शिकवते. आम्ही चार मैत्रिणींनी महिन्यातून एकदा रात्री जेवायला बाहेर जायचं ठरवलंय. नवऱ्याची ना नाही. पण अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, म्हणतात, ‘बायकांनी रात्री कशाला फिरायचं, आम्ही कधी गेलो का?’ मागच्या वेळी शाळेत मीटिंग आहे असं सांगून गेले आणि जेवण गेलं नाही. खोटं बोलत राहू का सोडून देऊ?

उत्तर : दोन्ही नको. खोटं बोलून गेलात तर जेवण जात नाही, ते तुम्हीच लिहिलंय. आणि तुम्ही सोडून दिलंत तर ती गोष्ट तुमच्या मनात अत्तम्मांच्या नावावर जमा होईल, वर्षानुवर्षं.

‘आम्ही कधी गेलो का’ या वाक्याकडं जरा थांबून बघू या. तुमच्या भागातल्या त्या वयाच्या कितीतरी बायकांनी आयुष्यभर विड्या वळल्या आहेत. तुमच्या अत्तम्मांनीही वळल्या असतील असं मी धरून चालते, चुकत असेन तर माफ करा. आमच्या पूर्व भागातल्या मैत्रिणीची आई वळायची. मी तिच्या घरी जायचे तेव्हा पाहिलंय : दुपारनंतर चार-पाच जणी एका ओट्यावर, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. कात्रीनं पानं कापायची, भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत हात थांबायचे नाहीत आणि तोंडही थांबायचं नाही. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या नवऱ्याचं पिणं, कुणाला काय दुखतंय. हसणंही तिथंच आणि रडणंही तिथंच. माल कारखान्यात द्यायला जायच्या तेव्हाही मिळूनच. त्यांना मैत्रिणी भेटायच्या, रोज भेटायच्या. बाहेर जाऊन जेवायला मात्र पैसा नव्हता आणि वेळही नव्हता.

तर एखाद्या संध्याकाळी अत्तम्मांजवळ बसा आणि त्यांना त्यांच्या मैत्रिणींबद्दल विचारा. कोण कोण होत्या, आता कुठं असतात. परवानगी काढायची म्हणून विचारू नका, ऐकायचं म्हणून विचारा. त्यातली एखादी अजून जवळपास असेल तर अत्तम्मांना तिच्याकडं घेऊन जा. माझ्या सासूबाईंनी 1991 मध्ये मला हेच वाक्य ऐकवलं होतं. मी एका गुरुवारी त्या चौघींनाच घरी बोलावलं. सासूबाईंनी पिठलं-भाकरी केली, उर्दू आणि कानडीत त्यांना काही कळेना, तरी अकरापर्यंत बसून राहिल्या. पुढच्या महिन्यात त्याच विचारू लागल्या, ‘या गुरुवारी जाणार नाहीस का?’

बाकी व्यवहाराचं बोलते. कुठं जाणार, कोण कोण, किती वाजता परत, हे घरात स्पष्ट सांगून जा. यात कमीपणा काही नाही, मी नाईट ड्यूटीलाही सांगूनच जायचे. आमच्याकडं रात्री बस मिळेलच असं नसतं, म्हणून येण्या-जाण्याची रिक्षा ओळखीची ठरवा किंवा नंबरचा फोटो नवऱ्याला पाठवा. चौघींपैकी शेवटी उतरणारी घरात पोहोचल्याचा फोन येईपर्यंत बाकीच्या तिघींनी झोपू नये. 112 नंबर सगळ्यांना पाठ हवा.

प्रश्न : मुलगा 22 वर्षांचा. शनिवारी रात्री मित्रांबरोबर हायवेच्या ढाब्यावर जातो, एक-दीडला परत. कधी दोघं, कधी तिघं एका गाडीवर. पितो असा मला संशय आहे. ओरडले तर दोन दिवस बोलत नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि उठून पाणी प्यायले.

एक रात्र सांगते. साल सांगत नाही. तीन मुलं, एक गाडी, हेल्मेट कुणालाच नाही. दोघांना आत घेतलं. तिसऱ्याला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. तो कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता, हातात एक चप्पल घेऊन. ती त्याची नव्हती. वॉर्डातल्या मावशींनी तीनदा सांगितलं, ‘बाळा, ती खाली ठेव, बस.’ तो सकाळपर्यंत तशीच धरून उभा होता. आतल्या दोघांपैकी एकालाच आम्ही वॉर्डात पाठवू शकलो. चप्पल कुणाची होती हे सकाळी मलाच विचारावं लागलं.

म्हणून याबाबतीत मी सौम्य बोलू शकत नाही. मुलाला समोर बसवून पुढचं सगळं सांगा, हा अंक हातात दिलात तरी चालेल. आपल्या राज्यात बिअरला वयाची अट 21 आहे आणि दारूला 25. परवाना नसलेल्या ढाब्यावर बसून पिणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो, फक्त मालकावर नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं आणि गाडी चालवत असाल तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि मुलांचा एक समज असतो की लिंबू चाटलं, कडक कॉफी घेतली, तोंडावर पाणी मारलं की उतरते. उतरत नाही. रक्तातली दारू यकृत त्याच्या वेगानं काढतं, साधारण एका पेगला एक तास किंवा त्याहून जास्त. कॉफीनं झोप उडते, दारू आहे तिथंच राहते. म्हणजे तो जागा असतो आणि आपण ठीक आहोत असं त्याला वाटतं, ते जास्त वाईट.

आता तुम्ही काय करायचं. ओरडणं शनिवारच्या रात्रीचं बंद करा. शुक्रवारी बोला. त्याला सांगा : तू कुठंही असशील, कितीही वाजले असतील, प्यायला असशील, मित्र प्यायला असेल, मला फोन कर. मी रिक्षा घेऊन येईन किंवा कुणाला तरी पाठवीन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. आणि ते पाळा. त्या रात्री खरंच विचारू नका, प्रश्न सकाळी चहा झाल्यावर. एकदा जरी त्या रात्री बोललात तर दुसरा फोन येणार नाही.

त्याच्या मित्रांना घरी जेवायला बोलवा. त्यांची नावं, त्यांच्या आयांचे नंबर तुमच्याकडं असू द्या, त्या आयाही तुमच्याइतक्याच जाग्या असतात. ढाब्यावर जाऊन जेवायचा हट्टच असेल तर जाऊ द्या, पण एक जण न पिणारा आणि तोच गाडीवर पुढं, दोघांच्या गाडीवर दोघंच, मागच्यालाही हेल्मेट. त्यानं दोन दिवस अबोला धरला तरी चालेल. तुम्ही जेवायला वाढत राहा.

प्रश्न : वय 71. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला संध्याकाळी आमचा सहा जणांचा कट्टा होता, 20 वर्षं. आता दोघं उरलो. दुसऱ्याला नीट ऐकू येत नाही. घरचे म्हणतात, कशाला जाता, घरी टीव्ही बघा. जावं का?

उत्तर : काका, जावं. रोज जावं.

आमच्या पाचांपैकी एक आता मुलाकडं बंगळुरूला असते, एक राहिली नाही. आम्ही तिघी अजून गुरुवारी भेटतो, फक्त वेळ पावणेदहाची साडेसहा झाली आहे. जी गेली, तिचं नाव निघत नाही असा गुरुवार नाही.

तुमच्या मित्राचे कान तपासून घ्या. पुष्कळदा नुसता मळ साठलेला असतो, तो काढला की माणूस पुन्हा बोलू लागतो. यंत्र लागणार असेल तर सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात आधी दाखवा, लगेच महागडं विकत घेऊ नका. तोवर त्यांच्या ज्या कानाला जास्त ऐकू येतं त्या बाजूला बसा. मे महिन्यात ऊन पूर्ण उतरल्याशिवाय निघू नका, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. आणि तलावाकडच्या पायऱ्यांवरून उतरताना दोघांपैकी एकाकडं तरी काठी असू द्या, खालच्या पायऱ्या ओल्या असतात.